खुंटाची फूट

दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी, सकाळी सातच्या सुमारास, आमच्या मागच्या पडवीतलं लाल कॅक्टसचं रोप बुडाशी कुजलेलं आढळलं. रोप आईचं होतं. आई तेव्हा मुंबईला माझ्या भावाकडे होती; तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन अठरा दिवस झाले होते. कुजलेलं पहिल्यांदा बाबांनी पाहिलं. त्यांनी मला हाक मारली नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते कुंडीसमोर उकिडवे बसले होते आणि चष्मा डोळ्यांवर नव्हता, हातात होता.

हे रोप म्हणजे दोन झाडं असतात. खाली तीन धारांचा हिरवा खुंट, त्याच्या माथ्यावर बसवलेला लाल गोळा, लिंबाएवढा. लाल गोळ्यात हिरवं काहीच नसतं, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. नुसता मातीत लावला तर काही आठवड्यांत आटतो. तो जगतो खालच्या खुंटावर. गोळ्याच्या अंगाला बारीक पिल्लं येतात. ती कापून नव्या खुंटावर बांधली की पुढचं रोप तयार होतं. खुंट फार वर्षं टिकत नाही, म्हणून हे बांधणं पुन्हा पुन्हा करावं लागतं.

बाबांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची चाळीस वर्षं एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधण्यात गेली. रत्नागिरीत कलम म्हटलं की आंबाच. दुसऱ्या कशाचं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. रायवळ आंब्याचा खुंट, त्यावर हापूसची काडी, दोघांची साल जुळवून पाचर मारायची, प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. त्यांचा पितळी मुठीचा चाकू जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. घरात त्या चाकूला दुसरं कुणी हात लावत नाही. असा नियम कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही, तो होताच.

आईने पहिलं लाल रोप चार वर्षांपूर्वी गावातल्या एका प्रदर्शनातून आणलं. बाबांनी ते पाहून विचारलं होतं, "डोक्यावर भजी ठेवलीय कुणी याच्या?"

"तुम्हाला खायची नाहीये ना?" आई म्हणाली आणि रोप पडवीच्या टोकाला ठेवून आली.

पुढे एकदा, दोनेक वर्षांनी असेल, बाबा पेपर वाचून उठले ते चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून पडवीत गेले. त्यांनी ती कुंडी उचलली आणि उजेडाकडे धरली. मी पायरीवर बसले होते. ते माझ्याशी बोलत होते असं नाही, पण बोलले ते मी ऐकलं. "सांधा बरा आहे. ज्याने बांधलंय त्याचा हात चांगला." मग कुंडी जागेवर ठेवली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो तेवढ्यापुरता थांबला. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

आई मुंबईला गेली ती दसऱ्यानंतर तीन दिवसांनी. रिक्षा दारात उभी असताना तिने बाबांना दोनच गोष्टी सांगितल्या.

"लालला पाणी दहा दिवसांनी एकदा. बाकी हात लावू नका."

"चाळीस वर्षं काय केलं मी?"

"तेच म्हणते. हात लावू नका."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हात लावला. खुंटाच्या एका धारेतून हिरवी फूट आली होती, चांगली हातभर लांब. आंब्याच्या कलमाचा पहिला कायदा असा की सांध्याखाली फूट आली की ती काढायची. ठेवली तर सगळा जोर खुंट खातो, वरची काडी मरते आणि हापूस म्हणून लावलेल्या झाडाला रायवळ लागतो. बाबांनी फूट मुळाशी कापली आणि मागच्या गडग्याकडे, कुंपणाच्या दगडी बांधाकडे, फेकली. मग रोज सकाळी परड्यातल्या, घरामागच्या आवारातल्या, कलमांच्या पिशव्यांना पाणी देताना या कुंडीलाही एक पेला घालायला सुरुवात केली. मी दोनदा म्हटलं की आईने दहा दिवसांनी सांगितलंय.

"गो बाय, ऑक्टोबरचं ऊन बघ काय आहे," ते म्हणाले. "तिला बोलायला काय जातंय."

आता, त्या बुधवारी, खुंटाचं बूड तपकिरी आणि मऊ झालं होतं. बाबांनी चाकू आणला. कुजका भाग कापून टाकला, वरचा चार बोटं हिरवा भाग माती-वाळूच्या ओलसर मिश्रणात लावला आणि कोवळ्या कलमाला घालतात तशी त्यावर प्लास्टिकची टोपी घातली. रविवारी टोपीच्या आतून पाणी ओघळत होतं आणि काळा डाग सांध्याच्या बोटभर खाली आला होता. त्यांनी लाल गोळा कापून वेगळा केला आणि बशीत ठेवला. त्याला तीन पिल्लं होती, सर्वांत मोठं सुपारीएवढं. बशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली, मग उचलून खिडकीत ठेवली, मग परत टेबलावर.

रोज संध्याकाळी पाच वाजता आईचा व्हिडिओ कॉल येई. व्यायाम झालेला असे. गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो ते ती आधी सांगे आणि मग म्हणे, "लाल दाखवा."

बुधवारी बाबा म्हणाले, उजेड नाही. गुरुवारी त्यांनी फोन परड्याकडे वळवला. "हे बघ, पालवी जून झाली. यंदा मोहोर लवकर येणार."

"मी आंब्याचं विचारलं नाही."

शुक्रवारी ते कॉलच्या वेळी न्हाणीघरात होते. शनिवारीही.

"त्यांचं पोट बिघडलंय का?" आईने मला विचारलं.

मी म्हटलं, नाही. याहून जास्त मी काही सांगितलं नाही. खोटं मी बोलले नाही, पण माझ्याकडची माहिती मी दिली नाही, हेही खरं आहे.

रविवारी दुपारी शेजारच्या चाची सांदणांचं पातेलं परत द्यायला आल्या. त्यांचं घर गडग्यापलीकडे आहे. त्यांचे यजमान कुवेतला असताना बांधलेलं, स्लॅबचं, वर मोकळी गच्ची. आमचं कौलारू, आणि परड्यातलं सगळं ऊन कलमांनी घेतलेलं. चाची आईला वहिनी म्हणतात आणि बाबांना भाऊ. त्यांनी पातेलं टेबलावर ठेवलं आणि बशीकडे पाहिलं.

"हे काय केलंत भाऊ?"

"खुंट कुजला."

"आणि बाजूची फूट? ती कुठाय?"

"काढली. खुंटाची फूट ठेवायची नसते."

चाचींनी बशी उचलून गोळा निरखला. मग म्हणाल्या, "ती वहिनींनी मुद्दाम ठेवली होती. पुढचा खुंट होता तो."

बाबांनी विचारलं, "तिला काय कळतं त्यातलं?"

"चला माझ्याबरोबर," चाची म्हणाल्या. "चप्पल घाला. गच्ची तापलेली आहे."

चाचींच्या गच्चीला बाहेरून जिना आहे, सतरा पायऱ्यांचा. वर, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, हिरव्या जाळीखाली फळीवर डबे मांडलेले होते. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, कान तुटलेले चहाचे कप. मी मोजले: एकतीस. त्यांतल्या आठांतलं रोप मेलेलं होतं. उरलेल्या तेविसांत हिरव्या खुंटांवर पिवळे गोळे होते, नारिंगी होते, एक गुलाबी होता. लाल नव्हता.

"ही कुणाची?" बाबांनी विचारलं.

"वहिनींची. जागा माझी, हात त्यांचा."

"बांधली कुणी?"

"सांगतेय की. त्यांनी."

"आणि शिकवलं कुणी तिला?"

"तुम्हीच," चाची म्हणाल्या. "तुमचं बघून. पडवीत तांदूळ निवडत बसायच्या आणि तुमचा हात कसा फिरतो ते बघायच्या. सुरुवातीची दहा-बारा मेली. मग एकदा मला म्हणाल्या, भाभी, आंब्याचं विसरायला पाहिजे. त्यानंतर धरायला लागली."

"चाकू कुठला?"

"चाकू कुठला असणार? तुमच्या दाढीची ब्लेडं."

"तरी म्हटलं जातात कुठे."

चाची हसल्या. मग त्यांनी सांगितलं की प्रदर्शनातलं लाल रोप कधीच गेलं. पडवीत होतं ते आईने त्याचं पिल्लू काढून स्वतः बांधलेलं होतं. बाबांनी ज्या दिवशी ते उजेडाला धरून सांधा बरा आहे म्हटलं, त्या दिवशी आई गॅस बंद करून, ओल्या हातांनी चाचींकडे आली होती. "दारातूनच सांगितलंनी आणि परत गेल्या. बसल्या पण नाहीत. मी म्हटलं, मग सांगा ना त्यांना तुम्ही बांधलंय म्हणून. तर म्हणाल्या, नको, आता त्यांना ते चांगलं वाटलंय, राहू दे."

बाबांनी पुढे होऊन एक पिवळं रोप उचललं आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. ते ठेवून दुसरं उचललं. अशी त्यांनी तेवीसच्या तेवीस पाहिली. त्याला अर्धा तास लागला असावा. चाची खाली जाऊन चहा करून वर आल्या तेव्हा ते शेवटच्या दोन डब्यांपाशी होते.

"ही मेली कशी?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं, वहिनींना जिना चढवत नाही. पाणी मी घालते. पण खुंट जुने झाले, नवे बांधायला कुणी नाही. लाल तेवढं एक उरलं होतं, ते त्यांनी आधीपासून खालीच ठेवलं होतं. डोळ्यांसमोर असू दे म्हणाल्या." चाचींनी कप त्यांच्या हातात दिला. "गुडघ्याचं ऑपरेशन कशासाठी करून घेतलंनी, तुम्हाला काय वाटलं?"

बाबांना वाटत होतं देवळाच्या पायऱ्यांसाठी. ते त्यांनी मला नंतर सांगितलं. 

त्या दिवशी पाच वाजता कॉल आला तेव्हा बाबा आधीच खुर्चीत बसले होते. बशी त्यांच्यासमोर टेबलावर होती. फोन मी धरला होता.

"लाल दाखवा," आई म्हणाली.

मी फोन बशीकडे वळवला. 

"फूट मी काढली गो," बाबा म्हणाले. "तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाणी पण रोज घातलं. आणि आज चाचींच्या गच्चीवर जाऊन आलो."

"टाकलीत कुठे?"

"काय?"

"फूट. टाकलीत कुठे?"

"गडग्याकडे."

"मग जाऊन बघा. ती जात मरत नाही." मग तिने विचारलं, "गोळा कापून किती दिवस झाले?"

"आज सकाळी."

"वेळ आहे. आणि गच्चीवरचे खुंट घ्यायला जाऊ नका, आतून लाकूड झालेत ते."

बाबा बॅटरी घेऊन उठले, मग बाहेर अजून उजेड आहे हे लक्षात येऊन ती टेबलावर ठेवून गेले. मी फोन घेऊन त्यांच्यामागे गेले. फूट गडग्याच्या पायथ्याशी दोन चिऱ्यांच्या फटीत पडली होती. तीन आठवड्यांहून जास्त दिवस तिला कुणी पाणी घातलं नव्हतं. टोक हिरवं होतं. खालच्या बाजूने तीन पांढरी मुळं फुटून फटीतल्या मातीत शिरली होती.

"आहे?" फोनमधून आवाज आला.

"आहे," बाबा म्हणाले.

यानंतरच्या सूचना आईने दिल्या आणि मी त्या वहीत लिहून घेतल्या. फूट मुळांसकट काढा. तिचे दोन तुकडे करा. एक मुळांचा, एक टोकाचा, दोन्ही वेगळ्या कुंड्यांत; टोकाच्या तुकड्याचं बूड आधी एक दिवस सावलीत सुकू द्या. माती कोरडी. चार दिवस पाणी नाही. मग बांधा. बांधताना मला फोन करा.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बांधायला घेतलं. फोन मी दोन डब्यांना टेकवून ठेवला, बाबांचे हात दिसतील असा. त्यांनी चाकू स्पिरिटने पुसला. खुंटाचा माथा कापला आणि सवयीने मधोमध पाचरीची खाच घ्यायला चाकू उभा धरला.

"पाचर नको," आई म्हणाली.

"मग टिकणार कशावर?"

"टिकवायचं नाही. बसवायचं. आडवा काप, सपाट. धारांची टोकं थोडी उतरवा, नाहीतर सुकताना आत खेचतात."

"साल जुळवू कुठून?"

"साल सोडा हो. मध्ये बघा, कापावर बारीक कडं दिसतंय का?"

बाबांनी चष्मा लावला. "दिसतंय."

"गोळ्याला पण तसंच कडं आहे. सुकलेला काप काढून टाका, ताजा घ्या. कड्यावर कडं. पूर्ण नाही बसलं तर निदान एकमेकांना छेदू दे."

बाबांनी गोळ्याचा पातळ काप घेतला आणि कड्याकडे पाहिलं. "हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"

मोठा गोळा त्यांनी मुळांच्या खुंटावर बसवला आणि सुपारीएवढं पिल्लू दुसऱ्या खुंटावर. पट्टी नव्हती, मिठाईच्या खोक्याची रबरं होती, कुंडीच्या बुडाखालून घेऊन माथ्यावरून ओढलेली, फुलीसारखी. पिल्लावर रबर चढवताना बाबांचा उजवा हात थरथरला आणि पिल्लू सरकलं. त्यांनी ते परत बसवलं. परत सरकलं.  तिसऱ्यांदा त्यांनी मला बोट ठेवायला सांगितलं आणि रबर चढवलं. घरातल्या कुठल्याही कलमाला मी लावलेला तो पहिला हात.

"आता सावलीत ठेवा," आई म्हणाली. "वर पाण्याचा थेंब पडता कामा नये. टोपी नको."

"नाही घालत."

"आणि रोज उचलून बघू नका."

"नाही बघत."

ते रोज पाहत होते. उचलत नव्हते.

आठव्या दिवशी मोठ्या गोळ्याचा रंग उतरला आणि कडा सुरकुतल्या. दहाव्या दिवशी रबर सोडलं तेव्हा तो हातात आला. बाबांनी तसं पाच वाजता आईला सांगितलं, न विचारता. पिल्लाचं रबर आईच्या सांगण्यावरून आणखी चार दिवस ठेवलं. सोडल्यावर बाबांनी त्याला करंगळीने हलकंच ढकलून पाहिलं. ते हललं नाही.

डिसेंबरात त्यांनी आणखी एक काम केलं. त्याबद्दल ते आईशी फोनवर बोलले नाहीत. गच्चीवरच्या जुन्या खुंटांना सांध्याखाली ज्या हिरव्या फुटी आल्या होत्या त्या त्यांनी कापल्या, सुकवल्या आणि नर्सरीच्या काळ्या पिशव्यांत लावल्या. बारा पिशव्या. चाचींच्या जिन्याने ते आठवड्यातून दोनदा वर जात. चाचींनी मला गडग्यावरून सांगितलं, "भाऊ हल्ली माझ्याकडे जास्त असतात. वहिनींना कळव."

आई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत आली. गाडीतून तिने खेड स्टेशन गेल्याचं कळवलं तेव्हा बाबा स्टेशनवर जायला तयार होऊन बसले होते. गाडीला अजून दीड तास होता. घरी आल्यावर ती काठी टेकत सरळ मागच्या पडवीत गेली. पिल्लू तोवर लहान लिंबाएवढं व्हायला आलं होतं. तिने कुंडी डोळ्यांसमोर धरली आणि फिरवून पाहिली.

"डावीकडे कललंय जरा," ती म्हणाली.

"हात थरथरतो हल्ली."

"हाताचं नाही. रबर एका बाजूने जास्त ताणलंत." तिने कुंडी जागेवर ठेवली. "माझं पहिलं पण असंच कललं होतं."

डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली त्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता, आई चाचींच्या गच्चीवर गेली. चाची पुढे होत्या, बाबा मागे. सतरा पायऱ्यांत ती तीनदा थांबली. वर जाळीखाली बारा पिशव्या ओळीने उभ्या होत्या. दहांत कोवळे खुंट वाढीला लागले होते. तिने ते एक एक दाबून पाहिले आणि त्यांतले तीन बाजूला काढले. पिवळ्या रोपाची दोन पिल्लं आणि नारिंगीचं एक निवडलं. मग ब्लेड कुठे ठेवलंय असं चाचींना विचारलं.

बाबांनी खिशातून फडक्याची गुंडाळी काढली आणि चाकू, मूठ तिच्याकडे करून, पुढे धरला.

आईने पदराला हात पुसून तो घेतला. बाबा रबरं धरून उभे राहिले. तिने तीनही पिल्लं साडेअकराच्या आत बांधली. त्यांतली दोन धरली.